दोन इंजिनं, दोन आकडे: सेन्सर बदलायचा की आधी तपासायचा?

माझगावकर:
मित्राच्या बोटीला 150 हॉर्सपॉवरची दोन पेट्रोल आउटबोर्ड (मागच्या बाजूला बाहेर लावलेली इंजिनं) आहेत. दोन्ही 4000 आरपीएमला लावली की डावं तासाला 28 लिटर खप दाखवतं, उजवं 35. मेकॅनिक म्हणतो, "उजवा सेन्सर गेला, नवा टाका." माझं मत, खिशात हात घालण्याआधी दोन्ही सेन्सरांची अदलाबदल करा. हा सेन्सर पेट्रोलच्या लाइनमध्ये बसतो; आत छोटं चक्र असतं, ते पेट्रोलच्या जोराने फिरतं, त्याचे पल्स मोजून डिस्प्ले लिटर काढतो. दोन्हीकडचं कॅलिब्रेशन (किती पल्सना एक लिटर धरायचा ते) सारखं ठेवून अदलाबदल केली आणि 35 डावीकडे गेला, तर सेन्सर दोषी. उजवीकडेच राहिला तर नवा आणूनही 35च दिसणार.

धक्क्यावरून:
काका, हे रविवारच्या बोटीला ठीक. आमच्या मांडव्याच्या फेऱ्या पावसाळ्यात बंदच असतात, बाकीच्या महिन्यांत बोट उभी ठेवणं परवडत नाही. शिवाय पेट्रोलची लाइन जितक्यांदा उघडाल तितक्यांदा गळतीची धास्ती. एका जातीचे दोन नवे बसवा, मोकळे व्हा.

माझगावकर:
नवे बसवताना लाइन काय न उघडता बसवणार? बॅटरीचा स्विच बंद, हॅच उघडे, शेवटी पेट्रोलच्या लाइनवरचा रबरी बल्ब हाताने दाबून जोड कोरडे आहेत का बघायचं. दोन्ही कामांत हे आलंच.

खाडीपल्याड:
इतकं डोकं कशाला? ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून सगळ्यांचाच खप वाढलाय.

वायरवाला:
सगळ्यांचा वाढला ना? मग टाकी एक असताना एकट्या उजव्याचा कसा वाढेल? इथेनॉल आलंच तर दुसऱ्या वाटेने येईल. जुन्या होजचं रबर आतून सुटतं, कचरा चक्रात अडकतो. पण चक्र अडकलं की आकडा कमी येतो. इथे जास्त येतोय, म्हणून मी आधी हवा शोधेन. सैल क्लॅम्प किंवा फिल्टरची सुकलेली रिंग असली की लाइन हवा ओढते आणि बुडबुडे चक्राला भरभर फिरवतात. आकडे स्थिर नसून एकमेकांत उड्या मारत असते तर मी वेगळं बोललो असतो: सेन्सर आणि डिस्प्ले जोडणाऱ्या नेटवर्कवर दोन्ही सेन्सरांना एकच इंजिन नंबर दिला गेला की असं होतं. डाव्याला 0 हवा, उजव्याला 1.

जुना तांडेल:
सेन्सर खरं बोलत असेल, ही शंका एकालाही येऊ नये? बंदरात बोट उभी राहिली की पंख्याला शिंपले धरतात. दोन पंख्यांचा पिच (पात्यांचा तिरकेपणा) वेगळा असला तरी त्याच आरपीएमला एका इंजिनावर जास्त लोड येतो. थर्मोस्टॅट, म्हणजे थंड पाणी सोडणारी झडप, उघडा अडकला तर इंजिन थंडच राहतं आणि जास्त पितं. बोट वर घ्या आधी.

डिझेलवाला:
तुमचं तरी बरं, एका इंजिनाला एकच सेन्सर. आमच्याकडे इंजिनाकडे जाणारं आणि न जळता टाकीत परत येणारं, दोन्ही मोजावं लागतं. 120 लिटर गेलं, 100 परत आलं, म्हणजे जळलं 20. जाणारा सेन्सर नुसता 2 टक्के चुकला की 2.4 लिटर, म्हणजे जळलेल्याच्या 12 टक्के! वर परत येणारं डिझेल गरम, फुगलेलं. मी सरळ टाकीत पट्टी घालून बघतो.

माझगावकर:
डिझेलवाल्यांना पट्टी शोभते. इथे मात्र तांडेल आणि वायरवाला यांचा निकाल पंपावरच लागेल. बोट सपाट असताना टाकी एका खुणेपर्यंत भरा, डिस्प्लेवर 100 लिटर होईपर्यंत दोन्ही इंजिनं त्याच आरपीएमला चालवा, मग पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरा. दहा लिटर जाळून हे करू नका, भरताना लिटरभर इकडेतिकडे झालं तरी सगळं मुसळ केरात. 89च्या आसपास मावले तर खरा खप 28 आणि 28, म्हणजे उजवा फुगवून सांगतोय: मग अदलाबदल आणि क्लॅम्प. पुरते 100 भरावे लागले तर तांडेल बरोबर, पंखा बघायला बोट वर घ्या.

धक्क्यावरून:
100 लिटरचं पेट्रोल कोणाच्या खिशातून? एखादं भाडं घेऊन त्याच फेऱ्यांत मोजलं तर चालेल का, तेवढं सांगा.

माझगावकर:
चालेल की. फक्त भरताना दोन्ही वेळा बोट रिकामी ठेवा.