इंजिन बांधून महिनाभर ठेवाचं हाय, बेअरिंगले काय लावू?

दारव्हेकर: भाऊ, जुन्या डिझेल जीपचं इंजिन खोललं हाय, क्रॅंक (पिस्टनच्या जोरानं फिरते तो मुख्य दांडा) यवतमाळहून ग्राइंड करून आणला, पिस्टनच्या रिंगा अन् बेअरिंग नवे हाय. पण कापूस येचाईच्या गडबडीत गाडी सुरू व्हाले महिना लागन, तोवर साधं तेल टिकन का? चाकाचं ग्रीस लावलं तं चालन?

वणीवाला: ग्रीस बिलकुल नको भाऊ! ते तेलात नीट मिसळत नाही, तेलाच्या बारीक वाटा बुजवते. असेंब्ली ल्यूब (इंजिन बांधताना लावाचं जाड वंगण) घ्या, ते चिकटून राहते अन् मंग तेलात मिसळून जाते. फक्त शेलच्या (बेअरिंगच्या अर्धगोल पट्टीच्या) आतल्या बाजूले लावा, पाठ अन् तिची बैठक पुसून एकदम कोरडी ठेवा. माह्या ट्रॅक्टरच्या वक्ती बनियानच्या चिंधीचा एक धागा शेलखाली राहून गेला होता, क्रॅंक हातानं फिरेचना, सारं परत खोला लागलं. म्हणून चिंधी बिनधाग्याचीच घ्या.

हिंगणघाट: बरोबर. पण रिंगा अन् सिलेंडरले ते जाड ल्यूब नको, साधं इंजिन तेलच, नाहीतं रिंगा सिलेंडरले घासून लवकर बसत नाही. कॅमच्या (व्हॉल्व उघडणाऱ्या दांड्याच्या) उंचवट्यायले मॉली पेस्ट (मॉलिब्डेनमचं घट्ट वंगण) लावा. हेड बोल्टच्या आट्यायले तेल लावाचं का नाही ते मॅन्युअलात पाहा, कारण तेल लावलेल्या बोल्टले तेवढ्याच टॉर्कवर (आवळाच्या जोरावर) ताण जास्त येते, अन् भोकात तेल साचलं तं ब्लॉक तडकू शकते.

वणीवाला: अन् सुरू करताना डिझेल बंद ठेवून थांबत थांबत सेल्फ मारा, तेलाचा लाल लाइट विझला का मंगच डिझेल सोडा.

दारव्हेकर: लय उपकार भाऊ, ग्रीसचा डबा ठेवून देतो.