मदत हवी आहे : खाणीचं काळं पाणी थेट नाल्यात, तक्रार कशी करावी?

नमस्कार मंडळी. मी नागपूरला राहते, पण माझ्या मामांची शेती जिल्ह्यातल्या एका खुल्या कोळसा खाणीला लागून आहे. खाणीत साचलेलं पाणी पंपानं उपसून नाल्यात सोडतात. पावसाळ्यात तर ते पार काळं असतं. परवा बाटलीत भरून रात्रभर ठेवलं, सकाळी तळाशी बोटभर काळा गाळ! हेच पाणी मामांच्या पऱ्हाटीत शिरतं, बैलंही तेच पितात. मामा थकलेत हो आता.

मी वाचलं ते असं: १९७४ च्या जल कायद्यानुसार पाणी सोडायला प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. कोळसा खाणींसाठी २००० साली ठरलेल्या मानकांत तरंगत्या घन कणांची मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम, सामू (pH, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी ते) ५.५ ते ९, तेल-ग्रीस १० मिलिग्रॅम आहे. म्हणजे गाळ बसवणाऱ्या टाक्या नीट चालल्या तर हे पाणी असं दिसायलाच नको.

माझी अडचण नमुन्याची आहे. आपण भरलेली बाटली कोर्टात चालत नाही म्हणे. मंडळाच्या अधिकाऱ्यानं त्याच वेळी खाणवाल्यांना नोटीस देऊन रीतसर घ्यावा लागतो. पण अधिकारी येणार हे आधी कळलं की त्या दिवशी पंप बंद! यावर कुणी मार्ग काढलाय का? खाणीचं संमतीपत्र माहिती अधिकारात मागताना अर्जात नेमकं काय लिहावं? पुण्याच्या हरित लवादात (पर्यावरणाचे खटले चालतात तिथे) वकिलाशिवाय गेलेलं कुणी आहे का? उमरेड, सावनेर, कामठीकडच्या दादा-तायांनी जरूर सांगावं.