पुण्याचं मोठं नाव की सीईटीतून स्वस्तातलं एमबीए?

यार्डकर_सांगली:
मेकॅनिकल केलंय, कुपवाड एमआयडीसीत नोकरी. पुण्यातल्या एका नामांकित खासगी कॉलेजात जागा मिळतेय, राहण्या-जेवणासकट 25 लाख. दुसरीकडे एमबीए सीईटीचा पर्सेंटाइल बरा आहे, कॅप राउंडमधून (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून) विद्यापीठाचं कॉलेज मिळेल. खर्च पाव भागसुद्धा नाही. बाबांची हळदीची अडत. म्हणतात, "नाव बघ, पैशाचं मी बघतो." म्हणजे मळ्यातला तुकडा निघणार. मला शेवटी हळद-बेदाण्यातच यायचंय.

मिरजकर:
जमीन न विकता कर्ज काढलंस तर बघ: 25 लाखांचं कर्ज, 10 टक्के व्याज, 10 वर्षं: महिन्याचा हप्ता 33 हजार. शिकत असतानाचं व्याज वेगळंच. असा हप्ता डोक्यावर घेऊन अडतीवर येता येत नाही, मुंबईतच राबावं लागतं. आणि हळदीच्या सौद्यात कॉलेजचं नाव कोण विचारतंय?

कराडची_ताई:
मिरजकर, नावाला एवढं हिणवू नका. कन्सल्टिंग, बँकिंगच्या कंपन्या ठरावीक कॉलेजांतच येतात. पण याला तिकडं जायचंच नाही! यार्डकर, सीईटीतून मुंबईचं जमनालाल बजाज लागलं तर डोळे झाकून घे, नाव आणि फी दोन्ही जमतं. नाहीतर पुण्याच्या वैकुंठ मेहता संस्थेत कृषी व्यवसाय व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम आहे, सहकाराची माणसं तिथंच भेटतील. जमीन मात्र विकू देऊ नकोस बाबांना.

यार्डकर_सांगली:
ताई, वैकुंठ मेहता माहीतच नव्हतं. बजाजइतका पर्सेंटाइल नाही हो. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, त्याच्यावर निर्यातीचं काही करायचं डोक्यात आहे. वैकुंठ मेहतात शिकलेलं कुणी आहे का इथं?