मदत हवी आहे : रीमॅप केला तर वॉरंटीचं काय?

मंडळी, माझ्याकडे १.० टीएसआय पेट्रोल, मॅन्युअल स्कोडा कुशाक आहे. कंपनीच्या आकड्यांनुसार ताकद ११५ पीएस आणि टॉर्क १७८ न्यूटन मीटर. हायवेला तक्रार नाही, पण पाच माणसं, सामान आणि एसी घेऊन कुंभार्ली घाट चढताना टर्बो (इंजिनात जास्तीची हवा ढकलणारा पंखा) जागा होईपर्यंत गाडी मरगळते. सारखा दुसरा गिअर टाकावा लागतो.

पुण्यातला एक ट्यूनर स्टेज १ रीमॅप सुचवतोय, म्हणजे पार्ट न बदलता इंजिनच्या कॉम्प्युटरचं (ईसीयू) सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवायची. म्हणतो, "सर्व्हिसच्या आधी स्टॉक (कंपनीची मूळ) फाइल परत टाकून देतो, कुणाला कळणार नाही." हे मला पटत नाही. ईसीयू किती वेळा फ्लॅश झाला, म्हणजे त्यात सॉफ्टवेअर नव्याने टाकलं, याची नोंद आतच राहते ना? मग दुसऱ्याने ट्यूनिंग बॉक्स सुचवला. तो सेन्सरचे सिग्नल बदलून बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) वाढवतो, काढला की ईसीयू जसाच्या तसा. पण जास्तीचा ताण टर्बो आणि क्लचवर पडायचा तो पडणारच!

वॉरंटीची अजून दोन वर्षं बाकी आहेत. ज्यांनी वॉरंटीत असताना रीमॅप केलाय त्यांना विचारतो: पुढे क्लेम केला तेव्हा फक्त इंजिन-गिअरबॉक्सचा नाकारला, की एसी, सस्पेन्शनलाही हात वर केले? लेखी कारण मिळालं का? आणि इन्शुरन्सवाल्यांना कळवलं होतं का?

"वॉरंटी संपेपर्यंत थांब" हे बायकोने आधीच सांगून झालंय. त्यामुळे कृपया प्रत्यक्ष अनुभवच लिहा.