पाया बदलला तरी निष्कर्ष टिकतो
काही जण म्हणतात की १५३ सारख्या संख्या, म्हणजे जितके अंक तितक्या घातांची बेरीज स्वतःइतकीच येणाऱ्या (१³ + ५³ + ३³ = १५३), केवळ दशमान (दहाच्या पायावरच्या) लेखनामुळे दिसतात, म्हणून त्यांत खरं गणित नाही. मला हे पटत नाही.

क अंकी संख्येच्या अंकांच्या क-व्या घातांची बेरीज जास्तीत जास्त क × ९^क होते; संख्या स्वतः मात्र किमान १०^(क−१) असते. क ६१ झाला की बेरीज मागे पडते आणि पुढे कधीच गाठू शकत नाही. म्हणजे यादी संपणारच! शून्य सोडून अशा ८८ संख्या आहेत, सर्वांत मोठी ३९ अंकी. दहाऐवजी कुठलाही पाया घ्या, युक्तिवाद हाच. संख्या बदलतील, यादी तरीही संपेल.

याउलट गणितज्ञ कापरेकरांच्या स्वयंभू संख्या अनंत आहेत. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की जी संख्या येते तिची ती जनक; जिला जनकच नाही ती स्वयंभू. १५ + १ + ५ = २१, म्हणून २१ ला जनक आहे; २० ला कुठलाच नाही. (१०१ ला तर दोन, ९१ आणि १००. हे मला फार आवडतं.) स्वयंभू संख्यांत २०, ३१, ४२ अशा अकराच्या उड्या १०८ पर्यंत जातात आणि पुढची स्वयंभू संख्या एकदम ११०. ही लय तिथेच का मोडते, ते हातच्यांकडे नीट पाहिलं की उलगडतं.