अनुभव धागा: जर्मनीत मास्टर्ससाठी अर्ज करताना कुठे अडतं?

जर्मनीतल्या मास्टर्सचे प्रश्न दरवर्षी दिवाळीच्या आसपास सुरू होतात आणि दरवर्षी तेच असतात. एपीएस (कागदपत्रं खरी असल्याचं प्रमाणपत्र) आधी की आयईएल्टीएस (इंग्रजीची परीक्षा)? ८.२ सीजीपीए म्हणजे जर्मन ग्रेड किती? एटीकेटी दाखवायची का? ज्यांनी ही प्रक्रिया पुरी केली आहे किंवा जे इतरांचे अर्ज तपासून देतात, त्यांनी इथे लिहावं. विनंती एकच: 'मला कशी ॲडमिशन मिळाली' ही कहाणी नको. कोणता कागद, किती पैसे, कोणती तारीख आणि घोडं कुठे अडतं, एवढंच लिहा.

प्रतिसाद १: तारखा आणि एपीएस

हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि अर्जाची मुदत १५ जुलै, असं सगळीकडे वाचायला मिळतं. ही तारीख डोक्यातून काढून टाका. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी बऱ्याच ठिकाणी मुदत ३१ मार्च किंवा ३१ मे असते, काही ठिकाणी त्याच्याही आधी. जिथे खरोखरच १५ जुलै आहे, तिथे प्रवेशपत्र ऑगस्टात हातात पडतं आणि व्हिसाला वेळ उरत नाही. उन्हाळी सत्र एप्रिलमध्ये सुरू होतं, त्याची मुदत बहुधा १५ जानेवारी. मात्र त्यात इंग्रजी माध्यमाचे अभ्यासक्रम कमी असतात.

पहिलं काम एपीएस. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी ते सक्तीचं आहे आणि अनेक विद्यापीठं अर्जासोबतच मागतात. फी १८,००० रुपये, परत मिळत नाही. एपीएस तुमचे गुण बदलत नाही की प्रवेश देत नाही, कागद खरे आहेत एवढंच तपासतं. म्हणून दहावी, बारावी आणि प्रत्येक सेमिस्टरची मार्कशीट द्यायची, नापास झालेल्या प्रयत्नासकट. एटीकेटीचा कागद लपवला की सेमिस्टरांची साखळी तुटते आणि तिथेच शंका येते. एटीकेटी असल्यामुळे एपीएस नाकारत नाहीत.

प्रतिसाद २: नावाचा घोळ

हा खास आपल्याकडचा. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र, आडनाव वेगळं. पदवीवर कधी आईचंही नाव जोडलेलं. जर्मन कारकुनाला ही तीन वेगळी माणसं वाटू शकतात.

उपाय सोपा आहे. प्रत्येक पोर्टलवर नाव पासपोर्टवर आहे तसंच, त्याच क्रमाने भरा. भाषेच्या परीक्षेची नोंदणीही त्याच नावाने करा, कारण तिथे नंतर दुरुस्ती जिकिरीची होते. स्पेलिंगमध्ये फरक असेल (एका कागदावर शेवटी 'ए' आहे, दुसऱ्यावर नाही) तर नोटरीकडून प्रतिज्ञापत्र करून ठेवा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रतही जोडा.

प्रतिसाद ३: ग्रेडचं गणित

सर्वाधिक गैरसमज इथे आहेत, म्हणून सविस्तर लिहितो. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे जेमतेम पास. रूपांतर 'सुधारित बव्हेरियन सूत्रा'ने होतं: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांमधल्या फरकाने भागा, तीनने गुणा आणि एक मिळवा.

सीजीपीए ८.२, कमाल १०, उत्तीर्ण व्हायला ४ हवे, असं धरू. १.८ भागिले ६ म्हणजे ०.३, तीनने गुणून ०.९, अधिक १. उत्तर १.९. तेच ८.२, पण विद्यापीठाने किमान ५ ठरवले असतील तर १.८ भागिले ५, गुणिले ३, अधिक १, म्हणजे २.०८. गुण तेच, फक्त 'किमान' बदलल्यामुळे ग्रेड घसरली. २.५ ची अट असेल तर पहिल्या पद्धतीत ७.० पुरतात, दुसऱ्या पद्धतीत ७.५ लागतात. टक्केवारीत, ४० ला पास धरून, २.५ म्हणजे बरोबर ७० टक्के. आपल्याकडचा साठ टक्क्यांचा 'फर्स्ट क्लास' तिथे ३.० होतो आणि बऱ्याच अभ्यासक्रमांचं दार तिथेच बंद होतं.

म्हणून मार्कशीटच्या मागे छापलेला ग्रेडचा तक्ताही स्कॅन करा. किमान उत्तीर्ण ग्रेड त्यावरच असते. तो नसेल तर तपासणारा स्वतःच्या अंदाजाने आकडा धरतो. तक्ता छापलेला नसेल तर परीक्षा विभागाकडून लेटरहेडवर लिहून घ्या: कमाल किती, किमान किती, सीजीपीए कसा काढला. सीजीपीएची टक्केवारी स्वतः करून मात्र देऊ नका. त्याचं सूत्र विद्यापीठागणिक वेगळं आहे.

प्रतिसाद ४: क्रेडिट जुळवणं

वरच्या प्रतिसादाला जोडून. ग्रेड चांगली असूनही नकार येतो, त्याचं मोठं कारण हे. जर्मन विद्यापीठ पदवीचं नाव बघत नाही, विषयवार क्रेडिट बघतं. त्यांचं माप ईसीटीएस: सेमिस्टरला ३०, तीन वर्षांच्या पदवीला १८०, आणि एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम.

आपली चार वर्षांची बीई आठ सेमिस्टरांची, म्हणजे त्यांच्या हिशोबाने २४०. तुमच्या पदवीचे एकूण क्रेडिट १६० असतील तर २४० भागिले १६०, म्हणजे आपला एक क्रेडिट त्यांचे दीड. चार क्रेडिटचा गणिताचा पेपर सहा ईसीटीएसचा झाला. आता अभ्यासक्रमाच्या नियमावलीतली अट घ्या, समजा 'गणित किमान २४'. तुमचे तीनच पेपर असतील तर १८ होतात आणि अर्ज बाद. सीजीपीए ९.५ असला तरी बाद. हा हिशोब अर्जाची फी भरायच्या आधी करायचा, नंतर नाही.

नियमावली बहुधा फक्त जर्मनमध्ये असते आणि वेबपानावरचा इंग्रजी सारांश अपुरा असतो. मूळ पीडीएफ उतरवून भाषांतर करून वाचा.

जिथे विषयांचा तक्ता भरून मागतात, तिथे 'इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स ३' एवढं लिहून भागत नाही. आत काय आहे ते लिहा: लाप्लास, फूरिये, सदिश कलन, संभाव्यता. विषयाच्या नावापेक्षा आतला मजकूर महत्त्वाचा. सोबत तुम्ही शिकलात त्याच वर्षाच्या पॅटर्नचा अभ्यासक्रम जोडा. संकेतस्थळावरचा नवा पॅटर्न उचलून जोडणारे खूप आहेत. विषयांचे कोड मार्कशीटशी जुळत नाहीत आणि तक्त्यावरचा विश्वासच उडतो.

एकच पेपर दोन गटांत दाखवू नका. कंट्रोल सिस्टिम्स एक तर गणितात, नाही तर इलेक्ट्रिकलमध्ये.

प्रतिसाद ५: तीन वर्षांची पदवी

बीएस्सी, बीकॉमवाल्यांसाठी थोडक्यात. तीन वर्षांची पदवी म्हणून दार आपोआप बंद होत नाही. पदवी आणि मास्टर्स मिळून ३०० ईसीटीएस व्हावेत, असा साधारण हिशोब असतो. १२० क्रेडिटच्या, म्हणजे दोन वर्षांच्या मास्टर्सला १८० ची पदवी चालते. ९० क्रेडिटच्या, दीड वर्षाच्या मास्टर्सला २१० लागतात आणि तिथे तीस कमी पडतात. दीड वर्षात आटोपतं म्हणून तिकडे धावू नका. आपल्या संस्थेचा दर्जा 'अनाबिन' या जर्मन सरकारी सूचीत एच-प्लस (म्हणजे मान्यताप्राप्त) आहे का, तेही आधी पाहा.

प्रतिसाद ६: युनि-असिस्ट

काही विद्यापीठं थेट अर्ज घेतात, काही बर्लिनच्या युनि-असिस्ट या अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत. एका सत्रात पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्यानंतरच्या प्रत्येकाला ३०. पैसे पोचल्याशिवाय अर्ज उघडत नाहीत. बँकेतून पाठवले तर मधल्या बँका आपला वाटा कापतात आणि तिकडे रक्कम कमी पोचते. अर्ज 'अपूर्ण' म्हणून पडून राहतो. क्रेडिट कार्ड बरं.

तिसरा प्रकार व्हीपीडीचा. म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ हे त्याचं उदाहरण. यात युनि-असिस्ट फक्त तुमची ग्रेड काढून एक कागद देतं आणि तो विद्यापीठाच्या पोर्टलवर तुम्हीच चढवायचा असतो. तो कागद मिळाला म्हणजे अर्ज झाला, असं समजून गप्प बसणारे दरवर्षी निघतात. अर्ज वेगळा करायचा असतो. एका विद्यापीठासाठी काढलेला व्हीपीडी दुसरीकडे चालत नाही. तपासणीला चार ते सहा आठवडे धरा, मुदत जवळ आली की अधिक.

प्रतिसाद ७: पत्रं

मोटिव्हेशन लेटर एक ते दोन पानं. 'लहानपणापासून मला यंत्रांचं आकर्षण होतं' ही सुरुवात करू नका, प्राध्यापकांनी ती हजारदा वाचलेली असते. तुमच्या प्रकल्पातली एक तांत्रिक अडचण, ती सोडवताना कुठलं ज्ञान कमी पडलं आणि इथला कुठला विषय ते भरून काढेल, एवढं पुरे. विद्यापीठाचं नाव बदलून तेच पत्र सगळीकडे पाठवताना जुनं नाव मधल्या परिच्छेदात राहून जातं. पाठवायच्या आधी शोधून बघा.

शिफारसपत्र लेटरहेडवर, तारीख आणि सहीसकट, आणि सरांचा ईमेल कॉलेजचा हवा. खासगी ईमेलवरचं पत्र काही ठिकाणी ग्राह्य धरत नाहीत. सर 'तूच लिहून आण' म्हणतात, हे आपल्याकडे सर्रास आहे. तसं झालं तरी दोन पत्रांची भाषा एकसारखी होऊ देऊ नका.

सीव्हीत वर्षांच्या मध्ये रिकामी जागा नको. सहा महिने घरी बसून गेटचा अभ्यास केला असेल तर तसं लिहा.

प्रतिसाद ८: भाषा

आयईएल्टीएस बहुतेक ठिकाणी ६.५, पण दोनच वर्षं चालतं. तिसऱ्या वर्षाला असताना दिलेलं मास्टर्सच्या अर्जापर्यंत संपलेलं असू शकतं. 'शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होतं' हे कॉलेजचं पत्र काही विद्यापीठं स्वीकारतात, बरीच नाही. ते भरवशाचं धरू नका.

जर्मन माध्यमाच्या अभ्यासक्रमाला टेस्टडाफच्या चारही भागांत ४ किंवा डीएसएच-२ लागतं (दोन्ही जर्मन भाषेच्या परीक्षा). टेस्टडाफचं प्रमाणपत्र कालबाह्य होत नाही. इंग्रजी अभ्यासक्रमाला जर्मनची सक्ती नसली तरी मॅक्स म्युलर भवनाचे वर्ग आत्तापासून लावा. अर्धवेळ काम आणि घर शोधताना खरी गरज कळते.

प्रतिसाद ९: पैसे

'जर्मनीत शिक्षण फुकट' हे अर्धसत्य. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात (स्टुटगार्ट, कार्ल्सरुह, हायडेलबर्ग) युरोपीय संघाबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो शुल्क २०१७ च्या हिवाळी सत्रापासून आहे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून नव्या मास्टर्स विद्यार्थ्यांना सेमिस्टरला ४,००० किंवा ६,००० युरो. जुने लेख वाचून यादी करू नका.

ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठी राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं) सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२. खातं उघडण्याचं शुल्क वेगळं आणि बँकेचे खर्च वेगळे, म्हणून शंभर-दीडशे युरो जास्त पाठवा. पाच युरो कमी पडले तरी पुष्टीपत्र अडतं. कर्ज घेणाऱ्यांनी बँकेला आधीच विचारावं की रक्कम ब्लॉक्ड अकाउंटला एकरकमी देणार की नाही. काही शाखा फक्त फीच देतात, आणि इथे बऱ्याच ठिकाणी तर फीच नाही!

प्रतिसाद १०: एजंटबद्दल

'आम्ही एक पैसा घेत नाही' म्हणणाऱ्याला पैसे कोण देतं, ते विचारा. बहुधा खासगी विद्यापीठ, दर प्रवेशामागे. मग यादीत सरकारी विद्यापीठं दिसतच नाहीत. आणखी एक: पोर्टलवर ईमेल आणि पासवर्ड तुमचाच हवा. एजंटच्या ईमेलवर आलेलं 'कागद अपुरा आहे, दहा दिवसांत द्या' हे पत्र तुम्हाला अकराव्या दिवशी कळतं.

प्रतिसाद ११: प्रवेशपत्र आल्यावर

जागा स्वीकारण्याची मुदत वेगळी असते, प्रवेशपत्राच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर. ती चुकली की जागा जाते. नोंदणीसाठी आरोग्य विम्याचा संदेश लागतो. तो कागद नसून एम-१० नावाची डिजिटल नोंद असते आणि विमा कंपनी ती थेट विद्यापीठाला पाठवते. व्हिसासाठी घेतलेला प्रवासी विमा इथे उपयोगी नाही. वय ३० च्या वर असेल तर विद्यार्थ्यांच्या दराचा सरकारी विमा मिळत नाही, खासगीची चौकशी आधीच करा.

व्हिसाची फी ७५ युरो. नाकारला तर पूर्वी वकिलातीकडेच विनामूल्य फेरविचार मागता येई, ती सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आता नव्याने अर्ज, नाही तर बर्लिनच्या न्यायालयात दावा. त्यामुळे फाइल पहिल्यांदाच पूर्ण हवी.

धागाकर्ता: प्रतिसाद ४ मधल्या हिशोबाबद्दल दोघांनी विचारलंय: एकूण २४० धरायचे की १८०? नियमावलीत किंवा तक्त्याच्या सूचनांत दिलं असेल तसं. काहीच नसेल तर अभ्यासक्रमाच्या समन्वयकाला दोन ओळींचा ईमेल टाका, सोबत ट्रान्सक्रिप्ट जोडा, आणि उत्तर आलं की ते पीडीएफ करून अर्जाला लावा.