मदत हवी आहे: मळीवर पीएचबी – पेशी भरपूर, प्लास्टिक जवळजवळ नाही

वारणाकाठ
नमस्कार. एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्राचा प्रकल्प आहे, सांगलीत. पलूसजवळच्या उसाच्या रानातल्या मातीतून आयसोलेट (वेगळा केलेला जिवाणू) काढलाय: ग्रॅम पॉझिटिव्ह, बीजाणू करणारा, सुदान ब्लॅकला (पेशीतले साठे दाखवणारा रंग) पॉझिटिव्ह. त्याच्याकडून मळीवर पीएचबी (पॉलिहायड्रॉक्सिब्युटिरेट, जिवाणू पेशीत साठवतात ते प्लास्टिक) करून घ्यायचंय.

सध्याची कृती: लिटरला मळी 40 ग्रॅम, पेप्टोन 5, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट 2, पीएच 7. सगळं एकत्रच ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक). 250 मिलीच्या फ्लास्कमध्ये 150 मिली माध्यम, 30 अंश, शेकर मिनिटाला 120 फेरे, 96 तास.

सुक्या पेशी लिटरला 5 ग्रॅम मिळतात. पण हायपोक्लोराइटने पेशी विरघळवून पीएचबी निघतं फक्त 0.3 ग्रॅम. उलट त्याच पेशींवर सल्फ्युरिक आम्लाची चाचणी (235 नॅनोमीटर) 45% दाखवते. खरं कोणतं धरायचं? शिवाय फिल्म तपकिरी येते आणि सोडवतानाच तडकते.

फडकरी
मळी म्हणजे नक्की कोणती? आमच्याकडे शेतात टाकायच्या प्रेसमडलाही (कारखान्यात रस गाळून उरलेला गाळ) मळीच म्हणतात.

वारणाकाठ
मोलॅसिस. काळी, घट्ट.

शेकर१८०
मग हिशोब करा, उत्तर त्यातच आहे. 40 ग्रॅम मळीत साधारण 20 ग्रॅम साखर, म्हणजे 8.4 ग्रॅमच्या आसपास कार्बन. पेप्टोनमधून 0.7 आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्टमधून 0.2 ग्रॅम नायट्रोजन. कार्बन-नायट्रोजन गुणोत्तर जेमतेम 9 झालं. इतका नायट्रोजन हाताशी असताना जिवाणू साखर साठवून कशाला ठेवेल? तो प्रथिनं बांधतो आणि वाढत सुटतो. तुमच्या 5 ग्रॅम पेशी त्याच आहेत. पीएचबी ही त्याची अडीअडचणीची शिदोरी: कार्बन उरलाय आणि नायट्रोजन संपलाय, असं झालं की दाणे भरतात.

पेप्टोन आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्ट दोन्ही पूर्ण काढा. अमोनियम सल्फेट लिटरला 2 ग्रॅम घाला, म्हणजे नायट्रोजन 0.42 ग्रॅम आणि गुणोत्तर 20. त्यातून पीएचबी सोडून सुमारे 3 ग्रॅम पेशी होतील, बाकीची साखर साठ्याला. 1 ग्रॅमवर गुणोत्तर 40 होतं, पण पेशीच निम्म्या होतात. रिकामी कणगी मोठी असून उपयोग नाही, तसंच भरलेली पण वाटीएवढी कणगीही कामाची नाही. मळीचा स्वतःचाही थोडा नायट्रोजन असतो, म्हणून 1, 1.5 आणि 2 असे तीन फ्लास्क लावून बघा. बरोबर पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट 1.5, डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट 3.5 आणि मॅग्नेशियम सल्फेट 0.2 ग्रॅम.

मळी, फॉस्फेट आणि मॅग्नेशियम वेगवेगळे ऑटोक्लेव्ह करून गार झाल्यावर मिसळा. एकत्र तापवले की गाळ बसतो, साखर आणि नायट्रोजन मिळून रंग आणखी गडद होतो. पीएच 12 तासांनी बघा. अमोनियम खाल्लं की तो घसरतो. मात्र तो सावरायला खडूची पूड टाकू नका, ती पेशींबरोबर खाली बसते आणि सुकं वजन खोटं फुगवते. जिवाणू न घातलेला एक फ्लास्क शेवटपर्यंत सोबत चालवा, त्यातला गाळही तोलून वजा करा.

आणि 250 च्या फ्लास्कमध्ये 150 मिली? त्याला श्वास कुठून मिळणार! 50 मिली घ्या, शेकर 180. कापसाचा बोळा ओला होऊ देऊ नका.

सह्याद्री_बायो
क्युप्रिअॅव्हिडस नेकॅटॉर हा जिवाणू का वापरत नाही? पुण्याच्या एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) संग्रहातून मागवता येईल. वजनाच्या 80% पर्यंत पीएचबी साठवतो.

शेकर१८०
साठवतो, पण त्याचा मूळ वाण सुक्रोज खात नाही, ग्लुकोजही नाही; फ्रुक्टोजवर चालतो. मळीतली निम्म्याहून जास्त साखर तशीच पडून राहील. ताईंचा बॅसिलस वर्गातला दिसतो, तो सुक्रोज खातो. पीएचबी पहिल्यांदा सापडलं तेही बॅसिलस मेगाटेरियममध्येच, 1926 साली फ्रेंच शास्त्रज्ञ लमॉन्यला. जिवाणू बदलू नका.

स्लाइड_आणि_शाई
96 तास फार झाले. बीजाणू करणारा जिवाणू बीजाणू घालताना साठवलेलं पीएचबी स्वतःच खाऊन टाकतो. 18 तासांनंतर दर 6 तासांनी स्लाइड करा: उष्णतेने पक्की करून 0.3% सुदान ब्लॅक 15 मिनिटं, झायलीनने धुवा, 0.5% सॅफ्रानिन 10 सेकंद. गुलाबी दांड्यांत निळे-काळे ठिपके गच्च दिसले की थांबा. ठिपके विरळ होऊन टोकाला न रंगलेला अंडाकृती डाग दिसू लागला, तर गाडी सुटली. बहुधा 24 ते 48 तासांत काम होतं.

45% चा आकडा विसरा. गरम सल्फ्युरिक आम्लात पीएचबीचं क्रोटॉनिक आम्ल होतं आणि ते 235 ला दिसतं. पण पेशीला चिकटलेली साखर आणि मळीचा रंग त्याच भागात शोषण दाखवतात. कच्च्या पेशींवर ही चाचणी करायचीच नाही. पीएचबी क्लोरोफॉर्ममध्ये काढा, क्लोरोफॉर्म पूर्ण उडवा, मग आम्ल घालून 100 अंशावर 10 मिनिटं. क्युवेट (मोजताना नमुना ठेवायची नळी) क्वार्ट्झचाच, काचेतून 235 जात नाही.

वारणाकाठ
तपकिरी रंग आणि तडा?

स्लाइड_आणि_शाई
रंगाला दोन उपाय. मळी तिप्पट पाण्यात कालवून सौम्य सल्फ्युरिक आम्लाने पीएच 3 करा, उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवा, रात्रभर निवू द्या. कॅल्शियम जिप्सम होऊन खाली बसतं. वरचं निथळ घेऊन कॉस्टिकने 7 वर आणा, पुन्हा गाळ येईल, तो सेंट्रिफ्यूज करा. दुसरा उपाय म्हणजे मळीच सोडा आणि गुऱ्हाळावरची काकवी घ्या. राख कमी, आणि मळीवरच्या उत्पादन शुल्क खात्याच्या नियंत्रणाची कटकट नाही. फक्त हायड्रॉस (रंग उजळायची सल्फाइटवाली पूड) न घातलेली मागा, सल्फाइट जिवाणूला मारक असतं. काकवीत साखर जास्त, त्यामुळे मात्रा 30 ग्रॅमवर आणा.

तड्याचं थोडं तुमच्या हातात आहे, थोडं नाही. नुसतं हायपोक्लोराइट जास्त वेळ दिलं की साखळ्या तुटतात. त्यापेक्षा पेशी दोनदा पाण्याने धुऊन सुकवा. 1 ग्रॅमला 50 मिली 4% हायपोक्लोराइट आणि 50 मिली क्लोरोफॉर्म, 37 अंशावर 1 तास हलवत. सेंट्रिफ्यूज केल्यावर तीन थर दिसतील, सगळ्यात खालचा आपला. तो काचेच्या पिपेटने उचला, गाळा आणि दहापट थंडगार मिथेनॉलमध्ये थेंबथेंब सोडा. पांढरे तंतू येतील. सगळं फ्यूम हूडमध्ये. हायपोक्लोराइटजवळ अॅसिटोन किंवा आम्ल आणू नका, क्लोरोफॉर्म बेसिनमध्ये ओतू नका.

बाकीचा ठिसूळपणा पीएचबीचा स्वभाव आहे. स्फटिकं फार बनतात, जेमतेम 5% ताणलं की तुटतं, ठेवलेली फिल्म दिवसागणिक आणखी कडक होते. ट्रायइथाइल सायट्रेट (मऊपणा आणणारं द्रव्य) पॉलिमरच्या वजनाच्या 20% घालून बघा. नायट्रोजन संपताना सोडियम प्रोपिओनेट लिटरला 1 ग्रॅम दिलं तर काही बॅसिलस व्हॅलरेटचे दुवे घालून मऊ पॉलिमर करतात, पण सगळे नाही. प्रकल्पात हा वेगळा फ्लास्क ठेवा.

वारणाकाठ
खूप आभार. सोमवारी काकवीवर लावते: तीन नायट्रोजन, 50 मिली, 180. एकच राहिलं: फिल्म नेहमीच्या डिस्पोजेबल पेट्री डिशमध्येच ओतते, चालेल ना? नंतर मातीत पुरून वजन घ्यायचंय.

शेकर१८०
अहो ताई, नाही! ती डिश पॉलिस्टायरीनची, क्लोरोफॉर्मने विरघळते. फिल्ममध्ये अर्धी डिशच उतरेल, आणि मग मातीत कितीही दिवस पुरा, वजन हलायचं नाही. काचेची घ्या, वर फिल्टर पेपर झाका, हळू सुकू द्या.